मागच्याच्या पिशवीतला फासा

जपानमधल्या ओतारूच्या कालव्याकाठी ज्या दगडी गोदामात एके काळी हेरिंग माशांच्या राशी पडत, त्याच गोदामाच्या माडीवर ओरिकासा तोमिए फासे घडवीत असे. ते फासे हाडाचे नव्हते, लाकडाचेही नव्हते. त्यांना वजन नव्हते, स्वतःचा आवाज नव्हता. तोही दुसऱ्या कुणीतरी करून द्यावा लागे. टीव्हीच्या काचेआड ते जन्माला येत, क्षणभर गरगरत आणि एक आकडा दाखवून विरून जात. पण त्या क्षणी घरोघरी श्वास थांबे. चौघे जण एकाच जागी डोळे लावून बसत आणि चौघांच्या मनांत चार वेगवेगळ्या आकड्यांचा धावा चाललेला असे. ज्याला कुणाची हाक ऐकू येत नाही, अशा त्या फाशावर तोमिएचे प्रेम मात्र असे होते, की आई पाळण्यातल्या लेकराकडे पाहत राहते, तशी ती त्याच्या गरगरण्याकडे पाहत राही.

खेळाचे नाव ‘आठ वाटांची जत्रा’. एक भाग निघाला, लोकांनी उचलून धरला, मग दुसरा निघाला, तिसरा निघाला. चौघांनी चार प्राणी निवडायचे, पाळीपाळीने फासा टाकायचा, घरे ओलांडीत जायचे आणि वाटेवर कुठेतरी पेटलेला कंदील गाठायचा. कंदील मिळाला की तो विझतो आणि भलत्याच वाटेवर दुसरा पेटतो. पुन्हा सारे त्या दिशेने चालू लागतात. साधा फासा सर्वांचा. पण प्रत्येकाच्या पाठीवर एक पिशवी असे, आणि त्या पिशवीत खास फासे ठेवता येत. एक सोडून त्या साऱ्या खास फाशांची माय म्हणजे तोमिए.

तिचा गोगलगायीचा फासा एक, दोन किंवा तीन, एवढेच देई. पहिल्यांदा हातात घेणारा म्हणे, असला भिकार फासा कोण वापरणार? आणि मग कंदील दोनच घरांवर दिसला, की तोच माणूस पिशवीत हात घालून गोगलगाय शोधी. तिच्या दुहेरी फाशाने लांबचा पल्ला गाठता येई, पण वाटेतले सुखही हुके. एक फासा सात तरी देई, नाहीतर काहीच देत नसे. प्रत्येक फाशाचा स्वभाव वेगळा. कोण उतावळा, कोण धिमा, कोण लहरी. आणि त्यांतला एकही तिच्या लेखी वाईट नव्हता.

ती इथे आली तीही एका फाशाच्याच वाटेने. आधी ती मिठाईची खोकी छापणाऱ्या छापखान्यात होती. नववर्षाच्या खोक्यांच्या झाकणाला आतून ती सुगोरोकू या जपानी सोंगट्या-फाशांच्या खेळाचा पट काढी, म्हणजे पाहुणे मिठाई संपवून त्याच झाकणावर खेळायला बसत. एका नववर्षाला हिराइवा नावाच्या माणसाने असले खोके आपल्या आईसाठी नेले. मायलेक संध्याकाळभर त्या झाकणावर खेळले, आणि हिराइवाच्या ध्यानात आले, की या पटावर कुणीच फार मागे राहत नाही. हरणाऱ्यासाठी कुठूनतरी एखादी लहानशी वाट फुटतेच. हिराइवा ‘आठ वाटां’चा मुख्य. अस्वलासारखा अंगाने, आवाजाने आणि बर्फाळ दिवसांत मिजासीनेही. खोक्यावरचा पत्ता वाचून तो थेट छापखान्यात आला आणि म्हणाला, “हे झाकण काढलं कोणी? मला त्या माणसाला न्यायचंय.”

शाईने माखलेले हात पुसत तोमिए पुढे झाली.

“माणूस नाही, बाई आहे,” ती म्हणाली. “चालेल का?”

“पट काढणाऱ्याला मी बाई-माणूस विचारत नाही,” हिराइवा म्हणाला. “थंडी सोसते का, एवढंच विचारतो. आमची माडी फार गार आहे.”

त्या गोष्टीला आता पुष्कळ हिवाळे लोटले होते. तोमिए एकटीच होती. चढणीच्या रस्त्यावर एका खोलीत तिचा संसार : एक स्टोव्ह, एक किटली आणि खिडकीतून दिसणारा राखाडी समुद्र. हिवाळ्यात दुपारी चारलाच दिवस मावळे. ती कामावरून निघे तेव्हा चढणीवर दिवे लागलेले असत, आणि प्रत्येक दिव्याखाली बर्फावर उजेडाचे एक गोल घर पडलेले असे. एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी ती सावकाश वर चढे. मध्येच पाय घसरून मागच्या घरात आली, की मनाशी हसे. जागेपणी आणि झोपेत फार अंतर नसावे, तसे तिचे दिवस असत. पट डोळ्यांसमोर उलगडत जाई, बर्फ त्यावर पडत राही, आणि कुठूनतरी दूर एखादा कंदील लुकलुके.

अशाच एका संध्याकाळी चढणीवर तिच्यापुढे दोन शाळकरी मुली चालल्या होत्या. हातात हात गुंफलेले. एक घसरली की दुसरी घसरे, एक सावरली की दुसरी सावरे. पडायच्या त्याही दोघी मिळून, आणि हसायच्या त्याही दोघी मिळून. तोमिए उजेडाच्या घरात थांबून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी माडीवर येताच तिने कोरा लाकडी ठोकळा उचलला, त्याच्या सहा बाजूंवर कागद चिकटवले आणि म्हणाली, “हा सोबतीचा फासा.”

माडीवरची पद्धतच तशी होती. संगणकाला काहीही सांगण्याआधी सारा खेळ गालिच्यावर खेळून पाहायचा. जुन्या कॅलेंडरांची पाने उलटी करून त्यांवर पट काढायचा, सोंगट्यांना शिंपले घ्यायचे, ठोकळ्यांना आकडे चिकटवून फासे करायचे, आणि शनिवारी आळीतल्या पोरांना बोलवायचे. पोरे बूट दाराशी काढत, ओले हातमोजे स्टोव्हच्या कठड्यावर वाळत घालत, आणि ओल्या लोकरीच्या वासात खेळ रंगे. नेहमी येत त्या खालच्या मासळीवाल्याच्या दोन लेकी : थोरली माडोका, तिखट जिभेची, धाकटी कोनात्सु, गोल गालांची, चटकन रुसणारी आणि चटकन विसरणारी.

सोबतीच्या फाशाचा नियम सोपा होता. ज्याच्याकडे तो असेल त्याने फासा टाकायचा आणि दुसऱ्या कुणाही एकाला आपल्याबरोबर न्यायचे. दोघे एकाच घरात जाऊन उभे. गालिच्यावर हा फासा असा काही फुलला, की विचारू नका! माडोकाच्या हाती तो आला की ती मागे पडलेल्या बहिणीचा शिंपला उचलून आपल्या शिंपल्याशेजारी ठेवी. पावाच्या दुकानाचा पोर तांदळाची मोची-मिठाई विकणाऱ्याच्या पोरीला नेई. नेणाऱ्याला काही मिळत नसे, तरी नेत. तोमिएचे मन भरून येई. तिला वाटे, आजवर केले ते फासे होते. हा मात्र प्रसाद आहे.

मग कुरिमोतोने तो संगणकात उतरवला. कुरिमोतो म्हणजे आकड्यांना चालायला शिकवणारा. हातात सदा खमंग तळलेल्या कोंबडीचा पुडा, ओठांवर सदा टोमणा. शनिवारी पोरे टीव्हीपुढे बसली. आणि जे गालिच्यावर फुलले होते, ते काचेआड कोमेजून गेले. कुणी कुणाला नेईना. आकडे तेच, नियम तोच, खेळणारी लेकरेही तीच. पण फासा पिशवीच्या तळाशी पडून राही.

त्याहून वाईट पुढेच होते. धाकट्या कोनात्सुचा ससा कंदिलापासून एकाच घरावर येऊन ठेपला होता. ती गुडघ्यांवर उभी राहून टाळ्या पिटत होती. माडोकाचा कोल्हा पार मागे. माडोकाने पिशवी उघडली, सोबतीचा फासा काढला, टाकला, आणि सशाला निवडले. कोल्हा दोन घरे चालला, आणि कंदिलाच्या उंबऱ्यावरचा ससा हवेतून ओढला जाऊन मागे, कोल्ह्याशेजारी येऊन आदळला.

“बघ, आणली की नाही तुला सोबतीला!” माडोका म्हणाली.

कोनात्सुने कंट्रोलर खाली ठेवला. ती उठली, स्टोव्हकडे गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रडली नाही. नुसती उभी राहिली. त्या लहानशा पाठीकडे पाहताना तोमिएला वाटले, आपण सोबत घडवायला बसलो आणि आपल्या हातून गळ घडला.

पोरे गेल्यावर हिराइवाने फळ्यावर सात फाशांची नावे लिहिली.

“खेळाच्या चकतीत जागा सहाची,” तो म्हणाला. “पुढचा शनिवार झाला की सोमवारी शेवटची प्रत कारखान्यात जाते. सातांतल्या एकाला घरी जावं लागेल. कुणाला, ते मी सांगायला हवं का, ओरिकासा-सान?”

“शनिवारपर्यंत ठेवा,” तोमिए म्हणाली. “शनिवारी नाही जमलं, तर मी स्वतः पुसेन.”

“आकडे तपासून झाले,” कुरिमोतो म्हणाला. “माझ्याकडून चूक नाही हं. फासा अगदी कागदावरच्यासारखाच चालतो.”

“तेच तर,” तोमिए म्हणाली. “कागदावरच्यासारखा चालतो, आणि तरी कागदावरचा नाही.”

तो आठवडा तिने धुक्यात चालल्यासारखा काढला. आकडे बदलून पाहिले, फासा तसाच. रंग बदलला; तसाच. अखेर तिने मधल्याच एका दुपारी मासळीवाल्याच्या लेकींना शाळेतून येताना हाक मारली, गालिच्यावर कॅलेंडरची पाने पसरली आणि म्हणाली, “जुना पट खेळा. मी नुसती ऐकत बसते.”

“ऐकत? बघत म्हण ना, मावशी,” माडोका म्हणाली.

“बघून झालं माझं.” असे म्हणून तिने खरोखरच डोळे मिटले.

शिंपले सरकू लागले. फासे गालिच्यावर दबक्या आवाजात पडू लागले. स्टोव्ह फुरफुरत होता. आणि मग, माडोकाने सोबतीचा फासा उचलताच, कोनात्सुच्या तोंडून ते आले. लांबवलेले, हेल काढलेले, या देशातल्या प्रत्येक बालवाडीच्या अंगणात रोज उठणारे :

“मलाऽ घ्याऽ नाऽ!”

आणि त्याच हेलात, विचार न करता, श्वास सोडावा तसे माडोकाचे उत्तर :

“येऽऽ कीऽऽ!”

शिंपला उचलला गेला.

तोमिएने डोळे उघडले. हे तिने किती शनिवार ऐकले होते! कितीदा ऐकले, म्हणूनच ऐकले नव्हते. इथल्या माणसाच्या कानाला ते बोलणे वाटतच नाही. ते अंगणाचा भाग असते, जसा झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज. म्हणून नियम लिहिताना ते कुणीच लिहिले नाही. फाशाचे आकडे लिहिले, घरे लिहिली, पण ज्या हाकेवर तो फासा चालत होता ती हाकच गालिच्यावर राहून गेली. मुक्या पटावर सोबत उतरली, आणि मुक्या सोबतीला कुणी फरफट म्हणावे तर त्यात नवल ते काय?

आणि तिथे, त्या ऊबदार माडीवर, तिला आपले बाळपण दिसले. तिचे वडील आगगाडीच्या रुळांवरचा बर्फ कापणारे इंजिन चालवीत. आज या फाट्याला, उद्या त्या फाट्याला. आणि दर बदलीला तोमिएला नवी शाळा, नवे अंगण. हे तीन शब्द म्हटले की अंगण उघडते, हे तिला ठाऊक होते. पण तिच्या घशात ते अडकत. ती कुंपणाच्या खांबाला टेकून उभी राही. मुले वाईट नव्हती. त्यांनी तिला कधी नाकारले नाही, कारण तिने कधी विचारलेच नाही. मग वडिलांची बदली होई, आणि ते अंगणही न उघडताच मागे राही.

केवढी मोठी गोष्ट आहे ही, मागणे! देणाऱ्याचे हात आपण भरभरून वाखाणतो. पण मागणाऱ्याने आधी तोंड उघडलेले असते, आपले मागे पडलेपण आपल्याच तोंडाने सांगितलेले असते. आर्त हाक ज्याच्या कंठातून निघाली, त्याने अर्धी वाट चालून संपवलेली असते. तोमिएने सोबतीचा फासा नेणाऱ्याच्या हाती दिला होता, दानासारखा. ती चूक होती. तो मागच्याच्या पिशवीत हवा होता.

ती तशीच कुरिमोतोच्या मेजाशी गेली.

“फासा फक्त शेवटच्याच्या पिशवीत येईल,” ती म्हणाली. “तो काढायचा म्हणजे विचारायचं. पुढच्यातल्या कुणा एकाला. त्याने हो म्हटलं, तर तो फासा टाकेल आणि दोघं मिळून जातील.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर नाही.”

कुरिमोतो कोंबडीचा तुकडा चघळत राहिला. “हो म्हणणाऱ्याला काय मिळणार?”

“काही नाही.”

“ओरिकासा-सान, खेळ आहे हा, देऊळ नाही.”

मागून हिराइवाचा आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला, कुणाला कळले नव्हते. “हो म्हणणाऱ्याला तीन नाणी द्या. म्हणजे म्हणतील हो.”

“मग ते सोबत नेणं नाही, भाडं घेणं होईल,” तोमिए म्हणाली.

“भाड्याने का होईना, फासा वाचेल तुमचा.”

तोमिएचे प्रेम त्या फाशावर होते, आणि वाचवायची वाट समोर उघडी होती. पण क्षणभराने तिने मान हलवली. “नको. तसा वाचण्यापेक्षा पुसलेला बरा.”

“हट्टी आहात,” हिराइवा म्हणाला. “शनिवारी पाहू.”

शनिवारी बर्फ इतका दाट पडत होता, की कालव्यापलीकडची गोदामे दिसेनाशी झाली. आळीतली बाकी पोरे आलीच नाहीत. मासळीवाल्याच्या दोघी तेवढ्या भुवयांवर बर्फ घेऊन आल्या. खेळायला चार हवेत. कुरिमोतो तिसरा बसला. चौथा कोण?

“काका, तुम्ही या ना,” कोनात्सु हिराइवाला म्हणाली.

“मी खेळ बनवतो. खेळत नाही.”

“म्हणजे येत नाही तुम्हाला,” माडोका म्हणाली.

हिराइवा गालिच्यावर बसला. त्याच्या त्या अवाढव्य हातांत कंट्रोलर बिस्किटाएवढा दिसू लागला. त्याने बिज्जू घेतला, आखूड पायांचा, बिळात राहणारा तो रानप्राणी. आणि नशीब पाहा, त्याचा फासा एक देई, दोन देई, पुन्हा एक देई. कोनात्सुचा ससा सर्वांपुढे, माडोकाचा कोल्हा त्यामागे, कुरिमोतोचे बदक मधे, आणि हिराइवाचा बिज्जू पार टोकाला, पाइनच्या रानात, एकटा.

“रस्ता चुकला वाटतं बिज्जू,” कुरिमोतो म्हणाला.

“पगार मी काढतो, हे विसरू नका,” हिराइवा म्हणाला.

तेवढ्यात बिज्जूच्या पिशवीत काहीतरी चमकले. सोबतीचा फासा. तोमिएने ओठ घट्ट मिटले. हिराइवाने बटण दाबले. पडद्यावर बिज्जूने आपला आखूड पंजा वर केला आणि तो थांबला. आवाज अजून भरलेला नव्हता. पडदा मुकाच राहिला.

“विचारा ना, काका,” कोनात्सु म्हणाली.

“मी दाबलं की बटण.”

“असं नाही. तोंडाने विचारायचं असतं.”

“हो, तोंडाने,” कुरिमोतो गंभीर चेहरा करून म्हणाला. “नियमच आहे तसा.”

हिराइवा खाकरला. दाराकडे पाहिले, स्टोव्हकडे पाहिले. ज्याने आयुष्यभर माणसांना हुकूम दिले होते, त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आणि मग त्या अस्वलाच्या छातीतून, पोरवयात केव्हातरी ठेवून दिलेला तो हेल, गंज खाल्लेला, खरखरीत, पण ओळखू येईल असा बाहेर आला :

“मला... घ्या ना.”

कोनात्सु खिदळली. ससा कंदिलाच्या अगदी जवळ होता. तिने मान उडवली.

“नाऽही!”

माडोकानेही हसून टाळी दिली. पडद्यावर फासा धुरासारखा विरला. बिज्जूची पाळी संपली. पण कुरिमोतोने घाईत पंजा खाली घेण्याचे चित्र भरलेच नव्हते. त्यामुळे रानाच्या टोकाला बिज्जू तसाच उभा राहिला, बर्फात, पंजा वर करून.

कोनात्सुने फासा टाकला, कंदील गाठला. सूर वाजले, पडदा सोन्याने भरून गेला. कुरिमोतोने शाबासकी दिली. पण तिचे लक्ष तिथे नव्हते. पट फिरून रानाशी आला, की तो पंजा दिसे. तिची पाळी आली तरी ती बटण दाबीना.

“काका,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही परत विचारा.”

“संपला माझा फासा.”

“मग त्यांना परत द्या!” ती तोमिएकडे वळली, आणि आता तिचे डोळे भरले होते. “मी नुसतं नाही म्हटलं. खरं नाही म्हटलं नव्हतं. मावशी, त्यांना परत विचारू दे ना. ते तसेच उभे आहेत!”

तोमिएच्या मनात आतल्या आत काहीतरी उजळत गेले. मागणाऱ्याचे तिने पाहिले होते. नाकारणाऱ्याकडे तिने पाहिलेच नव्हते. नाही म्हणणाऱ्यालाही पुन्हा संधी हवी असते. हाक एकदाच मारता येत असेल, तर नकार कायमचा होतो, आणि तो जिभेवर घेऊन एवढेसे लेकरू घरी कसे जाणार?

“कुरिमोतो-सान,” ती म्हणाली, “नाही म्हटलं तर फासा जायला नको. पिशवीतच राहू दे. पुढच्या पाळीला पुन्हा विचारता आलं पाहिजे. पुन्हा नाही, तर पुन्हा.”

“म्हणजे भुणभुणच की.”

“भुणभुणच,” तोमिए म्हणाली.

कुरिमोतोने हिराइवाकडे पाहिले. हिराइवा पडद्याकडे पाहत होता. “करा,” एवढेच तो म्हणाला.

मुलींनी लोणी घातलेले वाफाळते बटाटे खाल्ले, बोटे चाटली. तोवर कुरिमोतोने दुरुस्ती आटोपली. नवा डाव मांडला. या वेळी दैव उलटे. माडोकाचा कोल्हा कंदिलाच्या वाटेवर भराभर निघाला, आणि कोनात्सुचा ससा मागे पडला, फार मागे. पिशवी चमकली.

“मलाऽ घ्याऽ नाऽ!”

“नाही. मागच्या डावात कंदील कुणी घेतला?” माडोका म्हणाली.

एक फेरी झाली.

“मलाऽ घ्याऽ नाऽ!”

“थांब गं जरा! पुढचं वळण बघू दे.”

आणखी एक फेरी. तोमिएने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. हा तिचा फासा आता तिच्या हातात नव्हता. आकड्यांच्याही हातात नव्हता. तो दोन बहिणींच्या मधल्या हवेत गरगरत होता.

कोनात्सुने पुन्हा बटण दाबले. या वेळी तिने आवाजही चढवला नाही. “मला घ्या ना,” अगदी साधे, शेजारी बसलेल्याला सांगावे तसे.

माडोकाने पडद्यावरची नजर हलवली नाही. कपाळाला आठी घालून, ओठ वाकडे करून, कंटाळल्यासारखी ती म्हणाली, “येऽऽ कीऽऽ बाई, ये!”

ससा उडाला, कोल्ह्याशेजारी उतरला. माडोकाने फासा टाकला. गरगर, गरगर, सारी माडी त्या गरगरण्यात. आणि पडला तो एक. एकच! लाल ठिपक्याचा एक. कोल्हा आणि ससा जोडीने एकच पाऊल पुढे गेले, आणि ते घर होते खड्ड्याचे. बर्फ फुटला, दोघे धप्पकन आत, दोघांची नाणी उधळली, आणि वरून कुठल्याशा झाडाने आपल्यावरचा सगळा बर्फ त्यांच्या डोक्यांवर सोडला.

तोमिएचे डोळे आपोआप मिटले. संपले, असे तिला वाटले.

मग ते हसू आले. आधी धाकटीचे, मग थोरलीचे, मग दोघींचे मिसळून एकच. माडोका मागे कोलमडली, कोनात्सु तिच्या अंगावर. “तुझ्यामुळे!” “तुझाच फासा!” “मी कशाला घेतलं तुला!” “मी कशाला आले!” आणि पुन्हा हसणे. दोघींचे सारे गेले होते, आणि दोघी गालिच्यावर लोळत होत्या.

हिराइवा उठला. गुडघे करकरले. फळ्यापाशी जाऊन तो सात नावांपुढे उभा राहिला.

“हिशेब बसत नाही,” तो अखेर म्हणाला. “नेणाऱ्याला लाभ नाही, येणाऱ्याला लाभ झाला नाही. असा फासा मी आजवर पाहिला नाही.” मग त्याने मागे न पाहताच विचारले, “ओरिकासा-सान, कुणाला घरी पाठवायचं?”

तोमिए त्याच्याशेजारी आली. फळ्यावर तिच्या सहा लेकरांची नावे होती, आणि सातवे नाव होते उडत्या फाशाचे. तो साऱ्या वाटा ओलांडून एकट्याला कंदिलापाशी नेऊन ठेवी. तो हिराइवाने स्वतः केला होता. या मालिकेतला त्याचा एकमेव फासा. तिने फडके उचलले.

“हा तुमचा,” ती म्हणाली. “म्हणून विचारते. पुसू का?”

“किती वर्षांचा आहे ठाऊक आहे का तो?”

“ठाऊक आहे.”

हिराइवाने डोके खाजवले. मुलींच्या हसण्याकडे पाहिले. कुरिमोतो कोंबडीचा पुडा हातात धरून उभा होता.

“पुऽऽस कीऽऽ,” हिराइवा म्हणाला.

तिने हलक्या हाताने पुसले. निरोप देताना पाठीवरून हात फिरवावा, तसे. फळ्यावर सहा नावे राहिली, आणि त्यांत सर्वांत खाली, हिराइवाच्याच अक्षरात, सोबतीचा फासा.

मुलींची आई खालून हाका मारू लागली. हातमोजे वाळले होते, ते चढवून दोघी जिना उतरल्या. पायऱ्यांवरूनही भांडण ऐकू येत होते, कुणामुळे पडलो याचे. टीव्ही बंद करायचे कुणाला सुचले नाही. पडद्यावर त्या खड्ड्यात कोल्हा आणि ससा एकमेकांना टेकून बसले होते, कुणी पुढचे बटण दाबण्याची वाट पाहत, आणि त्यांच्यावर बर्फ पडत होता. बाहेरही पडत होता. तोमिएने स्टोव्हवरची किटली उतरवली, स्वतःसाठी चहा ओतला, आणि त्या दोघांसमोर गालिच्यावर येऊन बसली. बटण दाबायची तिला घाई नव्हती.